घरचा सराव

माझं काम मुलं तपासण्याचं. असं सांगितलं की लोकांना मी नर्स वाटते आणि ते लगेच आपल्या गुडघ्यांबद्दल बोलायला लागतात. मी नर्स नाही. अंगणवाडीतल्या चार-पाच वर्षांच्या मुलासमोर मी चटईवर बसते, रेक्झिनच्या पिशवीतून ठोकळे, मणी आणि चित्रांची कार्डं काढते, ठरलेले प्रश्न ठरलेल्या शब्दांत विचारते आणि मूल काय करतं ते टॅबवर नोंदवते. वर्षाच्या सुरुवातीला एकदा, शेवटी एकदा. मधल्या महिन्यांत अंगणवाडीनं मुलाला काय दिलं ते या दोन गुणांमधल्या फरकावरून कळतं, असं आमचा प्रकल्प म्हणतो. मीही म्हणायचे, आणि जरा ठासूनच म्हणायचे, कारण बी.ए. करून, लग्न करून, मूल होऊन मिळालेलं हे माझं पहिलं काम होतं.

दोन वर्षांपूर्वी पालघरला एका सभागृहात आमचं प्रशिक्षण झालं. तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात भरवली गेली: शब्द बदलायचा नाही आणि क्रम बदलायचा नाही. प्रत्येक कार्डावर चार चित्रं. पहिल्यावर मांजर, चमचा, छत्री, सायकल. विचारायचं फक्त, "मांजर कुठं आहे, दाखव." मनीमाऊ म्हणायचं नाही, म्याव करायचं नाही. दुसऱ्या कार्डावर बादली, तिसऱ्यावर झाड. पालघरच्या मुलाला जे विचारलं तेच बोईसरच्या मुलाला, तरच दोघांची तुलना होणार. शेवटच्या दिवशी सांगितलं की गावोगाव जाण्याआधी प्रत्येकीनं घरी भरपूर सराव करा, शेजारची, नात्यातली मुलं धरा. मात्र ज्यांच्यावर सराव केलात ती मुलं खऱ्या तपासणीत घ्यायची नाहीत.

मला शेजारी जायची काय गरज? माझ्या घरातच साडेचार वर्षांचा मुलगा होता.

रोज संध्याकाळी स्वयंपाक चुलीवर, म्हणजे गॅसवर, ठेवून मी चटई पसरायची आणि तो धावत येऊन मांडी घालून बसायचा. त्याच्या बाबांची पाळी दुपारची असायची, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. आठवडाभरात मला प्रश्न पाठ झाले. पंधरा दिवसांत त्यालाही. मी कार्ड उलटलं की माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी त्याचं बोट चित्रावर. मांजर. बादली. झाड. मी इतकी फुशारले की उजवीकडच्या खोलीतल्या भाभींना बोलावून तो खेळ दाखवला. त्या म्हणाल्या, "दीदी, ये तो बड़ा होशियार है." मी त्याचा मुका घेतला. शेवटचे दोन प्रश्न तेवढे मी घरी घेत नव्हते. त्यांत एक लांबलचक गोष्ट वाचून दाखवायची होती आणि तोवर डाळ उतू जायची.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगत नव्हते. त्याचं बोलणं बाहेरच्यांना कळत नव्हतं. तोंडात भाताचा घास धरून बोलावं तसं तो बोलायचा. मला सगळं कळायचं, त्याच्या बाबांना निम्मं. आम्ही बोईसरजवळ पाम गावात भाड्याच्या खोलीत राहतो आणि आमच्या दोन्ही बाजूंना एमआयडीसीत कामाला आलेली हिंदी बोलणारी कुटुंबं आहेत. तेव्हा माझ्याकडे कारण तयार होतं: दोन भाषा कानावर पडतात, पोर गोंधळतं. नवऱ्याकडे त्याचं वेगळं कारण होतं. "आमच्या घरात सगळे उशिराच बोललेत. मीच पाच वर्षांचा होतो," असं तो इतक्या थाटात सांगायचा, जणू त्यासाठी घराण्याला मानपत्र मिळालंय. मी हसायची. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांपुढे "चार शब्दांचं वाक्य बोलतो का" यावर खूण करायची आणि घरी येऊन आपल्या मुलाचं वाक्य मोजायचं नाही, हे मला जमायला लागलं होतं.

पावसाळा संपता संपता आमच्याच गावची अंगणवाडी तपासणीत आली. हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकून दहा मुलं निवडायची पद्धत. सुपरवायझर मॅडमनी चिठ्ठ्या उचलल्या आणि सातव्या चिठ्ठीवर माझ्या मुलाचा नंबर निघाला. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यातल्या कुणी आपली कार्डं आधी पाहिलीत का?"

मी हजेरीपटाकडे बघत राहिले. गप्प.

का गप्प राहिले ते स्पष्टच सांगते. मला भीती वाटत होती आणि मला त्या भीतीवर बाहेरच्या माणसाचा शिक्का हवा होता, की सगळं ठीक आहे. आईचा आकडा खोटा असतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या बाईनं दिलेला आकडा खरा वाटला असता. तो आकडाही मीच घरी बसून तयार केला होता, एवढं साधं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं, किंवा मी शिरू देत नव्हते.

स्वतःच्या मुलाला तपासायचं नसतं, म्हणून सफाळ्याहून येणारी माझी सहकारी त्याच्यासमोर बसली. मी बाहेर पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. खिडकीच्या गजांतून त्याची पाठ दिसत होती आणि बोट भराभरा फिरताना दिसत होतं. अर्ध्या तासानं सहकारी बाहेर आली ती हसतच. "अगं, पहिला आला तुझा. गोष्टीचे दोन प्रश्न राहिले फक्त. माझ्याकडे बघून नुसता हसत बसला. कंटाळला असेल." माझा जीव भांड्यात पडला. नियम असा की मुलाचे गुण घरच्यांना सांगायचे नाहीत, पण तिनं सांगितले आणि मी ऐकले. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून किती नियम मोडले ते मोजायला तिसरी हवी होती.

चार दिवसांनी त्याला सोडायला गेले तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी मला थांबवलं. बाई मूळच्या समुद्रकाठच्या, मच्छीमार घरातल्या. आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर होडीतला माणूस वळावा. त्यांनी मात्र त्या दिवशी आवाज खाली आणला होता.

"ताई, रागवू नका. एक बोलायचं हाय."

"बोला ना."

"पोराला ऐकाया कमी येतंय, असं मला वाटतं. मी मागनं हाक मारली तर वळत नाय. खिचडीच्या टायमाला मी थाळी वाजवते ना, बाकीची पोरं उठली का मंग त्यांना बघून हा उठतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलले ते आठवून आजही मान खाली जाते. मी म्हणाले, "बाई, तुमच्या अंगणवाडीत सगळ्यात जास्त गुण त्याला मिळालेत. तुम्ही शिकवलेल्या बाकीच्या मुलांचं बघा."

त्या चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "तुमचा कागद बरोबर आसल, ताई," त्या म्हणाल्या. "मी रोज बघते, म्हणून बोलले. आमी काय डाक्तर नाय."

मी मुलाला तसंच उचललं आणि घरी आणलं. दोन दिवस अंगणवाडीत पाठवलंच नाही. भाभींकडे ठेवून कामाला गेले.

पण शब्द एकदा कानात पडला की तो बाहेर निघत नाही. त्या दिवसापासून घरातला प्रत्येक आवाज मला परीक्षेसारखा वाटायला लागला. तो पाठमोरा खेळत असला की मी मुद्दाम वाटी पाडायची. वळला. हुश्श. मग मनात यायचं, फरशी हादरली म्हणून वळला असेल. कुकरची शिट्टी झाली, वळला नाही. पण कुकरच्या शिट्टीला कोण वळतं, मी तरी वळते का? गॅसवाल्यानं दारात सिलिंडर आपटला, वळला. भाभींची मुलं बोळातून ओरडत गेली, वळला नाही. मी हाक मारली, वळला. मी परत हाक मारली, तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता, त्यामुळे ती हाक धरायची की नाही? रोज संध्याकाळपर्यंत माझा निकाल चार वेळा बदलायचा. अंगणवाडीत मी दोनदा विचारून तिसऱ्यांदा पुढच्या प्रश्नावर जाते. इथं पुढचा प्रश्नच नव्हता.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कामाचं घरी आणतेस. परवापर्यंत पहिला आला म्हणून नाचत होतीस." त्याचंही खरं होतं. मुलाचे गुण मीच त्याला सांगितले होते.

रविवारी सकाळी नवरा बाजारात गेला होता. ऊन दारातून आत आलं होतं आणि मुलगा त्या उन्हात बसून बाटलीची झाकणं ओळीत लावत होता. मी पिशवी काढली. ती बघूनच तो उड्या मारत आला. मी पहिलं कार्ड समोर ठेवलं. मांजर, चमचा, छत्री, सायकल. मग मी टॅबचं कव्हर तोंडासमोर धरलं, डोळे तेवढे वर ठेवले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चमचा कुठं आहे, दाखव."

त्यानं मांजरावर बोट ठेवलं आणि शाबासकीसाठी माझ्याकडे बघितलं.

"चमचा," मी पुन्हा म्हणाले.

त्यानं बोट मांजरावर आणखी जोरात दाबलं. जणू मलाच दिसत नव्हतं.

दुसरं कार्ड. मी टोपी विचारली, त्यानं बादली दाखवली. तिसरं कार्ड. मी बैल विचारला, त्यानं झाड दाखवलं. मी मुद्दाम एक कार्ड गाळून पुढचं ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर क्षणभर गोंधळ दिसला, पण त्यानं कार्ड ओळखलं आणि त्यावरचं ठरलेलं उत्तर दाखवलं. सगळी कार्डं संपली. माझ्या कव्हरामागच्या एकाही शब्दाचं त्याला काम पडलं नाही.

मी कव्हर खाली ठेवलं. पहिलं कार्ड परत काढलं. माझा चेहरा त्याला पूर्ण दिसत होता. आवाज मी वाढवला नाही. "चमचा," मी म्हणाले. त्याची नजर माझ्या ओठांवर होती. त्यानं कार्डाकडे बघितलं आणि अगदी बरोबर चमच्यावर बोट ठेवलं.

मी तिथंच रडले. तो आधी घाबरला, मग कार्डं गोळा करून माझ्या हातात द्यायला लागला. आपलं काहीतरी चुकलंय आणि खेळ परत पहिल्यापासून सुरू केला की आई गप्प होईल, असं त्याला वाटलं असणार.

त्या दुपारी मी मॅडमना फोन केला. "मॅडम, माझ्या मुलाचा फॉर्म बाद करा. त्यानं कार्डं आधी पाहिली होती."

"कितीदा?"

"रोज. महिनाभर."

मग त्या म्हणाल्या, "मी विचारलं होतं तेव्हा का नाही बोललात?"

"त्याला चांगले गुण मिळावेत म्हणून," मी म्हणाले. एवढं वय होऊन, दुसऱ्यांच्या आयांना समजावत फिरून, शेवटी माझं उत्तर हे. मॅडम मला रागावल्या, आणि रागावायलाच हवं होतं. काम जाईल असं वाटलं होतं, ते गेलं नाही. फॉर्म बाद झाला. फोन ठेवताना त्यांनी पालघरला कान कुठं तपासतात ते सांगितलं आणि म्हणाल्या, "लवकर जा. उगाच आणखी सराव करत बसू नका."

त्या रात्री मला माझा मुलगा सोडून भलतीच मुलं आठवत राहिली. बेटेगावच्या एका अंगणवाडीत एक मुलगी होती, दोन वेण्या घातलेली. दोनदा विचारूनही तिनं काहीच दाखवलं नाही, तेव्हा मी "प्रतिसाद नाही" या चौकटीत खूण केली आणि बाईंनी दिलेला चहा प्यायला बाहेर आले. अशा खुणा मी किती केल्या असतील? त्यातल्या कुणाला प्रश्नच पोचला नसेल? ती चौकट आमच्या फॉर्ममध्ये सगळ्यात लहान आहे आणि ती भरायला सगळ्यात कमी वेळ लागतो. मॅडमना मी हेही सांगितलं, पण ते नंतर. तेव्हा मला आधी माझंच सुचत होतं.

सोमवारी सकाळी अंगणवाडीत गेले. बाई मुलांचे हात धुवून घेत होत्या. माफी कशी मागायची याची वाक्यं मी वाटेत जुळवली होती. शेवटी मी एवढंच म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर होतं." त्यांनी पदराला हात पुसले आणि माझ्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कवा जाताय पालघरला?"

"बुधवारी."

"जाताना उपाशी नेऊ नका. पोर उपाशी आसलं का काय धड करत नाय."

बुधवारी नवऱ्यानं पाळी बदलून घेतली. वाटेत तो एकदाही घराण्यात कोण कधी बोललं ते म्हणाला नाही. डॉक्टरांनी आधी बॅटरी लावून कानात बघितलं. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होते की मळ निघू दे. आयुष्यात कुणी आपल्या मुलाच्या कानातल्या मळासाठी एवढी करुणा भाकली नसेल. "कान स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाले.

मग आम्हाला जाड दाराच्या, भिंतींना फोम लावलेल्या खोलीत नेलं. नवरा बाहेर थांबला. काचेच्या पलीकडे तपासणाऱ्या बाई त्यांच्या यंत्रासमोर बसल्या. अलीकडे एक लहान खुर्ची, एक लाकडी दांडा आणि प्लास्टिकच्या रंगीत कड्या. आवाज आला की एक कडी दांड्यात घालायची, हा खेळ त्यांनी मुलाला हातवारे करून शिकवला. तो लगेच शिकला. खेळ शिकण्यात तो हुशारच आहे. माझी खुर्ची त्याच्या मागे, कोपऱ्यात ठेवली. "आई, तुम्ही काहीही करायचं नाही. हलायचंही नाही," बाईंनी बजावलं. मी मान डोलावली. हे वाक्य मी स्वतः शेकडो बायकांना म्हटलंय, हे त्यांना कुठं माहीत होतं?

पहिला आवाज मोठा होता, माझेच कान दचकले. त्यानं कडी घातली आणि खुशीत टाळी वाजवली. दुसरा आवाज, दुसरी कडी. तिसरा, तिसरी. मला वाटलं, बघा, येतंय ऐकू, आम्ही उगाच घाबरलो. मग आवाज लहान होत गेले. लहान म्हणजे अगदी बारीक नाहीत, दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात तेवढे. मला एकूण एक ऐकू येत होते. त्यानं निळी कडी हातात घेतली होती आणि ती दांड्यावर धरून तो थांबला होता. एक आवाज येऊन गेला. कडी हलली नाही. आणखी एक गेला. आणखी एक.

त्याला वाटलं असणार की खेळ थांबला. तो खुर्चीत मागे वळला आणि माझ्याकडे बघायला लागला. भुवया वर, कडी हातात. आता घालू का? माझी मान हलायला आली होती, रोजच्या सवयीनं. मी दोन्ही हातांनी खुर्चीची कड घट्ट धरली आणि हलले नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. स्पीकरमधून पुन्हा आवाज आला, स्वच्छ, आणि तो तसाच बघत राहिला.

त्याला झोपवताना मी रोज एक गाणं म्हणते. ते याहून कितीतरी हळू असतं.